हिवाळ्याअखेरची हरिणी : अमेरिकन शिकारसाहित्यातील एक प्रश्न

शिकारसाहित्य हा आपल्याकडे जवळजवळ मिटलेला अध्याय आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा आपल्या अनुभवाचा विषय राहिला नाही आणि जुन्या शिकारकथा आपण आता गतकाळाचे वाङ्मय म्हणून वाचतो. अमेरिकेत मात्र हा प्रवाह आटलेला नाही. त्याच्या केंद्रस्थानी वाघ-सिंहासारखे हिंस्र श्वापद नसून पांढऱ्या शेपटीचे एक भित्रे हरीण आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बेसुमार कत्तलीमुळे त्या देशात ही हरणे पाच लाखांच्या आसपास, किंवा त्याहूनही कमी उरली होती. आज त्यांची संख्या सुमारे तीन कोटी मानली जाते. नाहीसे होऊ पाहणारे हे जनावर पुन्हा अमाप वाढले. त्याच्याविषयी लिहिणाऱ्या लेखकांना या दोन्ही अवस्थांचा सामना करावा लागला. प्रस्तुत लेखात या साहित्याचा विचार एका मर्यादित बाजूने करावयाचा आहे. ती बाजू म्हणजे धनुष्यबाण, हिवाळ्याची अखेर आणि मादी.

अमेरिकेच्या अनेक राज्यांत बंदुकीचा हंगाम संपल्यावरही धनुर्धरांसाठी रान खुले असते. उत्तरेत ही मुदत बहुधा जानेवारीच्या आरंभापर्यंत चालते, तर दक्षिणेतील काही राज्यांत ती त्याहूनही पुढे लांबते. या दिवसांतील हरीण शरदातल्या हरणासारखे नसते. माजाच्या काळात नराने आपल्या वजनाचा पाचवा हिस्सा, क्वचित त्याहून अधिकही, गमावलेला असतो आणि लवकरच त्याची शिंगेही गळून पडायची असतात. उत्तरेकडे दाट बर्फ पडले की हरणे सीडर आणि हेमलॉक यांच्या गर्द आडोशाला गोळा होतात, हालचाल कमी करतात, अंगावरची चरबी आणि हाताशी येतील त्या डहाळ्या यांवर तग धरतात. त्यांच्या पोटातील सूक्ष्म जीव या काष्ठमय आहाराला सरावलेले असतात. दयाळू माणसाने एकाएकी मक्याचे दाणे टाकले, तर पोटात आम्ल वाढून हरीण दगावू शकते. हे जनावर भुकेपोटी ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळी खाद्याकडे येते आणि शिकारी त्याच वाटेवर झाडावर बसलेला असतो. नियतकालिकांतील शिकारलेखनात या प्रसंगाला सहसा धैर्याची कसोटी म्हटले जाते. थंडी, वारा, गोठलेली बोटे यांची वर्णने त्यात भरपूर असतात. त्या थंडीत हरणाचे काय होत असते, हे मात्र क्वचितच लिहिलेले आढळते.

धनुष्याची नैतिक बाजू मांडणारे सांगतात की बंदुकीपेक्षा बाणाची शिकार अधिक न्याय्य आहे, कारण शिकाऱ्याला पंचवीस-तीस मीटरपर्यंत जवळ जावे लागते. यात तथ्य आहे. प्रत्यंचेचा आवाज पंचवीस मीटरवरील हरणापर्यंत सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत पोहोचतो. बाणाला मात्र पाव ते अर्धा सेकंद लागतो. तेवढ्या अवधीत दचकलेले हरीण पळण्यासाठी अंग खाली दाबते आणि नेम चुकतो. पण याच वस्तुस्थितीची दुसरी बाजूही आहे. चुकलेला नेम प्रत्येक वेळी हवेतच जातो असे नाही. बाण रक्तस्रावाने मारतो. जाणता शिकारी बाण सोडल्यावर लगेच धावत नाही. तो निदान अर्धा तास, कधी कित्येक तास थांबतो आणि मग रक्ताचा माग काढीत जातो. बाण सुटणे आणि जनावर सापडणे यांमधील हा विलंब म्हणजे या शिकारीचे नैतिक मर्मस्थान आहे. कोणतेही शिकारलेखन प्रामाणिक आहे की नाही, हे ते या अवधीविषयी काय बोलते यावरून ओळखता येते, असे मला वाटते.

आधुनिक अमेरिकन धनुर्शिकारीचा पायाभूत ग्रंथ म्हणजे सॅक्स्टन पोप या शल्यविशारदाचा, 1923 साली प्रसिद्ध झालेला ‘हंटिंग विथ द बो अँड ॲरो’. पोपला ही विद्या इशीकडून मिळाली. कॅलिफोर्नियातील याही लोकांपैकी एकटाच उरलेला इशी 1911 मध्ये वसाहतकारांच्या जगात आला आणि 1916 मध्ये क्षयाने वारला. पोपच्या ग्रंथातील चिरंतन पाने इशीची आहेत. शिकारीआधी तो मासे वर्ज्य करी, तंबाखू ओढत नसे, ओढ्यात स्नान करी आणि उपाशीपोटी निघे. पाडसाच्या आर्त हाकेची नक्कल करून हरिणीला जवळ बोलावण्याची कलाही त्याला अवगत होती. तेथील हरणे काळ्या शेपटीची; पण मातृत्वालाच आमिष करण्याची ही रीत वाचकाला अस्वस्थ करते. पोप तिच्याकडे कौशल्य म्हणून पाहतो आणि पुढे जातो. इशीला शिकार जगण्यासाठी हवी होती, पोपला ती आनंदासाठी हवी होती. ज्याचे लोक मारले गेले त्याच्याकडून घेतलेली विद्या छंद बनते, तेव्हा तिच्यातील व्रत गळून पडते, याची जाणीव ग्रंथात पुरेशी उमटत नाही.

युरोपच्या परंपरेत शिकाऱ्यांचे आश्रयदाते संत ह्यूबर्ट आहेत. लीएजच्या या बिशपांचे निधन 727 मध्ये झाले. शिंगांमध्ये क्रूस झळकणाऱ्या हरणाची आख्यायिका मूळची संत युस्टेसची; ती ह्यूबर्टच्या चरित्राला पुढे जोडली गेली. त्या आख्यायिकेत शिकारी थांबतो, आणि ज्याच्यापुढे तो थांबतो तो शिंगे असलेला नर आहे. अमेरिकन साहित्याने प्रश्न विचारला तो बिनशिंगांच्या मादीविषयी. त्याला कारण आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हरणे वाचविण्यासाठी अनेक राज्यांनी फक्त नर मारण्याची मुभा ठेवली. त्या नियमाने कळप वाढले आणि मादी मारणे हे केवळ बेकायदेशीर न राहता जनमानसात पाप ठरले.

मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या ‘द यर्लिंग’ (1938) या कादंबरीत हे पाप गरजेपोटी घडते. सर्पदंश झालेला पेनी बॅक्स्टर एका हरिणीला मारून तिचे काळीज विष शोषून घेण्यासाठी जखमेवर ठेवतो. तिचे पोरके पाडस त्याचा मुलगा जोडी घरी आणतो आणि जिवापाड वाढवतो. ते मोठे होऊन कुटुंबाचे पीक खाऊ लागते, तेव्हा जोडीच्या आईच्या गोळीने ते जखमी होते आणि त्याचा शेवट जोडीलाच करावा लागतो. या कादंबरीला बालवाङ्मय समजण्याची चूक नेहमी होते. वस्तुतः भूक आणि प्रेम एका घरात नांदू शकत नाहीत तेव्हा काय करावे, हा तिचा विषय आहे. जखमी जनावराला तसेच सोडून देता येत नाही, हे बारा-तेरा वर्षांच्या मुलाला कळते आणि त्याचे बालपण संपते. विलंबाच्या त्या अवधीला रॉलिंग्ज यांनी टाळलेले नाही.

विल्यम फॉकनर यांच्या ‘गो डाऊन, मोझेस’ (1942) मधील ‘डेल्टा ऑटम’ या कथेत ऐंशीच्या घरातला आइक मॅक्कॅस्लिन आपल्या शेवटच्या शिकारींपैकी एका शिकारीला आला आहे. त्याच्या नात्यातील रॉथने एका स्त्रीला मूल देऊन टाकून दिले आहे. ती त्याच घराण्याच्या, मान्यता न मिळालेल्या कृष्णवर्णीय शाखेतली आहे. कथेच्या अखेरीस रॉथने हरीण मारल्याची बातमी येते आणि ती मादी होती, हे म्हातारा न सांगता ओळखतो. फॉकनर यांच्या हातात हरिणी प्रतीक होते. सारा वंशद्वेष आणि विश्वासघात त्या एका जनावरावर येऊन थांबतो. कथा म्हणून हा शेवट अप्रतिम आहे. तरीही असे विचारावेसे वाटते की या प्रतीकात खऱ्या हरिणीला कितीशी जागा उरली?

हा प्रश्न काल्पनिक नाही, हे पुढच्याच वर्षी दिसून आले. वन्यजीवशास्त्रज्ञ ऑल्डो लिओपोल्ड 1943 मध्ये विस्कॉन्सिनच्या संवर्धन आयोगावर नेमले गेले. ते स्वतः धनुर्धर होते. धनुष्ये स्वतः घडवीत. त्यांच्या पत्नी एस्टेला राज्यातील नामांकित धनुर्धर होत्या. उत्तरेच्या रानांत हरणे हिवाळ्याअखेर उपासमारीने मरत होती आणि नवी रोपे खाऊन टाकल्याने जंगलाची पुढची पिढी उगवत नव्हती. लिओपोल्ड यांनी माद्या मारण्यास परवानगी द्यावी असा आग्रह धरला. त्या हंगामात सव्वा लाखाच्या आसपास हरणे मारली गेली. विरोधकांनी या घटनेला ‘त्रेचाळीसचा गुन्हा’ म्हटले आणि लिओपोल्ड यांच्याविरुद्ध स्वतंत्र वृत्तपत्रच चालविले. फॉकनर यांच्या कथेत जे पतनाचे चिन्ह, ते लिओपोल्ड यांच्या हिशेबात कर्तव्य ठरले. साहित्याची मादी एक असते, रानातल्या माद्या हजारो असतात. दोहोंना एका मापाने मोजता येत नाही, पण एकीसाठी दुसरीला विसरताही येत नाही.

या वादाच्या ऐन भरात, 1 एप्रिल 1944 रोजी, लिओपोल्ड यांनी ‘थिंकिंग लाइक अ माउंटन’ हा निबंध पूर्ण केला. अल्बर्ट हॉकबॉम या त्यांच्या शिष्याने पत्रांतून वारंवार सांगितले होते की लांडग्यांच्या संहारातील स्वतःचा वाटा गुरूने लपवू नये. निबंधात तरुण लिओपोल्ड आणि त्यांचे सोबती ॲरिझोनाच्या डोंगरात एका लांडगीवर आणि तिच्या पिल्लांवर गोळ्या झाडतात; मरणाऱ्या मादीच्या डोळ्यांतील हिरवी ज्वाला विझताना ते पाहतात. सर्वांना ती ज्वाला आठवते. परंतु त्याच प्रसंगात एक पिल्लू जखमी पाय ओढीत दगडांच्या उतारावर निघून जाते, आणि त्याचे पुढे काय झाले ते कोणी सांगत नाही. माझ्या मते निबंधाचे खरे वजन त्या पिल्लात आहे. लिओपोल्ड यांनी ते वाक्य गाळले असते तर निबंध अधिक सुबक झाला असता, पण खोटा ठरला असता.

याचा अर्थ निबंध निर्दोष आहे असे नव्हे. 1909 चा तो प्रसंग क्षणात हृदयपरिवर्तन घडविणारा वाटतो. प्रत्यक्षात 1920 च्या सुमारासही लिओपोल्ड हिंस्र पशूंच्या निर्मूलनाचा पुरस्कार करीत होते. कैबाब पठारावरील हरणांच्या ज्या आकड्यांवर त्या काळचे विवेचन उभे राहिले, ते किती डळमळीत होते हे ग्रीम कॉली यांनी 1970 मध्ये दाखवून दिले. पश्चात्तापाला लागलेली वर्षे लिओपोल्ड यांनी एका क्षणात आटवली. कलेला अशी मुभा असते. वाचकाने मात्र ती मुभा ओळखून वाचावे.

21 एप्रिल 1948 रोजी शेजारच्या शेतातील वणवा विझविताना लिओपोल्ड यांचे निधन झाले आणि पुढील वर्षी ‘अ सॅण्ड काउंटी अल्मनॅक’ प्रसिद्ध झाला. शिकाऱ्याला टाळ्या देणारा किंवा निषेध करणारा प्रेक्षक नसतो, त्याचे वर्तन त्याच्या सदसद्विवेकावरच सोपविलेले असते, हे त्यातील विवेचन आजच्या लेखकांनी पुन्हा वाचावे. 1969 मध्ये एकस्व मिळालेल्या चाकांच्या धनुष्याने नेम सोपा केला. 2002 मध्ये विस्कॉन्सिनच्या हरणांत मेंदू पोखरणारा, झिजवीत नेणारा रोग सापडला आणि खाद्य टाकून हरणे एकत्र जमविणे हा निव्वळ सवयीचा प्रश्न राहिला नाही. माद्यांची संख्या कमी ठेवण्याची निकडही संपलेली नाही. अशा काळात हिवाळ्याअखेरच्या धनुर्शिकारीवर लिहिणाऱ्याने ती दया आहे की क्रौर्य, याचा निवाडा घाईने करण्याची गरज नाही. त्याने थंडीतले जनावर कसे होते, बाण सुटल्यावर आपण किती वेळ थांबलो, मग काय सापडले आणि काय सापडले नाही, एवढे सरळ सांगावे. रॉलिंग्ज आणि लिओपोल्ड यांनी इतके निश्चित केले आहे, म्हणूनच शिकारीपासून दूर असलेल्या आपल्यासारख्या वाचकांनाही त्यांचे लेखन आपले वाटते.