गोकुळधामचे थांबलेले घड्याळ

आमच्या शिक्षकखोलीत मधल्या सुट्टीत सहसा कशावर एकमत होत नाही. पण 'तारक मेहता का उल्टा चश्मा' ही मालिका पूर्वीसारखी राहिली नाही, याविषयी मात्र दुमत नाही. चित्रकलेचे मास्तर म्हणतात, "दयाबेन गेली आणि मीठ गेले." गणिताच्या बाई म्हणतात, "तेव्हा एका दिवसात संपणारी गोष्ट आता आठवडाभर पुरवतात." शिपायाचे मत आणखी थोडक्यात आहे : "बंद करायला पाहिजे, साहेब." आणि हे सारेजण रात्री साडेआठला आपापल्या घरी तीच मालिका लावून जेवायला बसतात, हेही मला ठाऊक आहे, कारण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिच्यावरच तक्रार करावयाची असते.

मॅट्रिकपलीकडे न गेलेल्या, दोनचार कादंबऱ्या नावावर असलेल्या मास्तराने टीका करायची तर पुस्तकांवर करावी, मालिकेवर कशाला, असे वाचकांस वाटेल. पण २००८ च्या २८ जुलैला सुरू होऊन चार हजारांहून अधिक भाग झालेली ही वस्तू आमच्याकडच्या किती घरांत रोज उघडली जाते, आणि माझी कादंबरी किती घरांत, याचा हिशेब मी मनाशी केला आहे. तो येथे मांडत नाही.

मालिकेचे मूळ गुजराती आहे. तारक मेहता हे 'चित्रलेखा' साप्ताहिकात १९७१ पासून जे विनोदी सदर लिहीत, त्यावरून असित कुमार मोदींनी ती उभी केली. मेहता २०१७ च्या मार्चमध्ये वारले. गोरेगावच्या एका सोसायटीत गुजराती जेठालाल, तमिळ अय्यर, बंगाली बबिता, पंजाबी सोढी आणि आमचे भिडे मास्तर राहतात. भिडे मास्तरांविषयी मला थोडे स्वतंत्र बोलायचे आहे. पण ते मागाहून.

पहिली तक्रार नटांची. दयाबेनचे काम करणाऱ्या दिशा वकानी २०१७ च्या सप्टेंबरात बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, त्या परतल्या नाहीत. टप्पू तर तिसरा चालू आहे. सोढी बदलला, अंजली बदलली. २०२२ मध्ये शैलेश लोढा गेले आणि खुद्द तारक मेहताही बदलला. प्रेक्षक म्हणतात, इथेच सारे बिघडले. मला हे पटत नाही. आपण मराठी माणसे नाटकवेडी. नट बदलणे आपल्याला नवे नाही. अत्र्यांच्या 'मोरूच्या मावशी'त विजय चव्हाणांची मावशी ज्यांनी पाहिली, त्यांनीच पुढे भरत जाधवांची मावशी पाहिली. तुलना केली, नाके मुरडली, आणि हसलेसुद्धा. भूमिका भक्कम असली की नव्या नटाला उभे राहायला जागा मिळते. मग गोकुळधाममध्येच ती का मिळू नये?

याचे उत्तर मला चिमणरावांजवळ सापडले. चिं. वि. जोशींचा हा मानसपुत्र वर्षानुवर्षे मराठी वाचकाच्या घरात वावरला. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांची दूरदर्शनवरली चिमणराव-गुंड्याभाऊंची जोडी मी पाहिलेली नाही, पण आई अजून तिच्याविषयी बोलते. या चिमणरावाचे लग्न झाले, काऊ घरात आली. मोरू, मैना, राघू झाले. लग्न जुळेना तेव्हा आपण हसलो आणि जुळल्यावरही हसलो, कारण दर नव्या अवस्थेत चिमणरावाला फजिती करून घ्यायला नवे अंगण मिळत गेले.

आता आमच्या पोपटलालकडे पाहा. छत्री घेऊन फिरणारा हा पत्रकार पहिल्या वर्षी लग्नासाठी तळमळे तेव्हा गंमत वाटे, कारण जमेल की काय अशी धाकधूक असे. वर्षानुवर्षे त्याचे लग्न मोडते आहे. आता स्थळ सांगून आले, की माझी आई लसूण सोलायला घेते. मोडणार हे तिला ठाऊक असते. विनोदाला आशेचा थोडा तरी ओलावा लागतो. घसरणारा माणूस कदाचित सावरेल असे वाटले तरच त्याच्या घसरण्याला हसू येते. सुरुवातीच्या भागांत जेठालाल बापूजींपासून एखादी क्षुल्लक गोष्ट लपवी, त्या एका थापेसाठी दुसरी मारी, आणि शेवटी अशा गुंत्यात सापडे की आपणच घामाघूम व्हावे. त्याला काहीतरी हवे असे आणि ते मिळण्याजोगे असे. नंतरच्या वर्षांत माणसे मागे पडली आणि त्यांच्या खुणाच उरल्या. छत्री आली की हसा, असे ठरून गेले. त्यातच मधूनमधून सारे संकट स्वप्न ठरते आणि शेवटी उपदेशाचा डोस मिळतो. उपदेश मीही रोज सात तास करतो. रात्री पुन्हा तो ऐकवत नाही.

भिडे मास्तरांचे दुःख मला अधिक लागते. मंदार चांदवडकरांनी हा माणूस आरंभी फार चांगला उभा केला होता. शिकवणीची तुटपुंजी फी, 'सखाराम' नावाची जुनी स्कूटर, माधवीचे लोणची-पापड, आणि या साऱ्यावर सोसायटीच्या सेक्रेटरीपणाचा ताठा. असे मास्तर मी पाहिले आहेत. दाढी करताना त्यांतला एक रोज आरशात दिसतो. हात आखडता घेणारा मराठी मास्तर पाहून कोणी रागावतात. मी रागावलो नाही, कारण त्या कंजूषपणामागे सोनूच्या शिक्षणाची काळजी दिसे. पुढे काळजी गेली आणि कंजूषपणा राहिला. नट तोच, माधवी झालेल्या सोनालिका जोशीही त्याच. म्हणजे जिथे नट बदलले नाहीत, तिथेही माणूस बदललाच की! म्हणून म्हणतो, दोष नटांच्या येण्याजाण्याचा नाही. या सोसायटीतले घड्याळ कोणीतरी बंद करून ठेवले आहे.

त्याचा पुरावा मरणाच्या वेळी मिळतो. डॉक्टर हाथी झालेले कवी कुमार आझाद २०१८ च्या जुलैत गेले, त्यांच्या जागी दुसरे हाथी आले. नट्टूकाका रंगवणारे घनश्याम नायक २०२१ च्या ऑक्टोबरात गेले, पुढल्या वर्षी दुसरे नट्टूकाका आले. प्रेक्षक घराघरांत हळहळला. पण गोष्टीतल्या नट्टूकाकांना मरण्याची परवानगी नव्हती. दयाबेनचे तर याहून विचित्र झाले. तिच्या जागी दुसरी आणली नाही आणि तिला गेली असेही म्हटले नाही. ती अहमदाबादला माहेरी आहे. भाऊ सुंदर येऊन आश्वासने देतो. २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास ती येणार येणार असे रंगवले आणि ती आली नाही, तेव्हा प्रेक्षकांचा राग उसळला तो याचसाठी. हसवण्याकरिता घरात घेतलेल्या माणसाने आपल्याला वाट पाहायला लावावे, हे त्यांना सोसवले नाही.

माझे वडील २०१९ मध्ये गेले. तेव्हापासून आई साडेआठला एकटीच या मालिकेपुढे बसते. ती म्हणाली, "गेली म्हणावे, नाहीतर आणून उभी करावी. असे मधेच काय ठेवले आहे बिचारीला?" मी मालिकांवर पुष्कळ वाचले, पण या एका वाक्याएवढी नेमकी टीका मला कुठे आढळली नाही.

तरी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. घड्याळ बंद करण्यात आम्हा प्रेक्षकांचाही हात आहे. दया खरोखर वारली असे उद्या दाखवले, तर आमच्या शिक्षकखोलीत काय गदारोळ होईल! चाळीत, ऑफिसात, घरी जे सारखे बदलत जाते, ते इथे तरी बदलू नये म्हणूनच आपण ती लावतो. २०२५ च्या पावसाळ्यात एका भुताटकीच्या कथानकाने ही मालिका लोकप्रियतेच्या यादीत थेट वर नेली. त्याच सुमारास एक राजस्थानी कुटुंब सोसायटीत राहायला आले. शिपाईसाहेब त्या आठवड्यांत "बंद करा" म्हणाले नाहीत. मी स्वतः एका कादंबरीत नायिकेचा अंत केला, तेव्हा एका वाचकाने दोन पानी पत्र लिहून तिला जिवंत करण्याची मागणी केली होती. मी केली नाही; पण माझी कादंबरी रोज साडेआठला कोणाच्या घरी उघडत नाही, त्यामुळे धैर्य दाखवणे मला स्वस्त पडले.

माझ्या वर्गातल्या मुलांचे मत मात्र अगदी निराळे आहे. जुने भाग दिवसभर पुन्हा दाखवतात. तेव्हा दुपारी दया गरबा खेळते आणि रात्री ती माहेरी असते. दया गेली त्या वर्षी जन्मलेला एक मुलगा मला म्हणाला, "सर, ती कधीकधी असते." त्याची काहीही तक्रार नव्हती.

परवा फराळाची तयारी चालली होती. आई चिवड्याचे पोहे चाळत होती आणि समोर गोकुळधाममध्ये नेहमीचा गोंधळ चालला होता. पडद्यावर जेठालालच्या घरचा फोन वाजला. आईचा हात चाळणीवर थांबला.

"अहमदाबादचा असेल," ती म्हणाली.

नव्हता. तिने पुन्हा चाळायला सुरुवात केली, आणि मला आवाज थोडा मोठा करायला सांगितला.