लव्हाळ्यांवरील तांबेरा : वर्णन आणि व्यवच्छेद

लव्हाळ्यांच्या कुलातील वनस्पतींवर आढळणाऱ्या तांबेऱ्याच्या नव्या जातींची अनेक वर्णने वाचताना एक उणीव प्रकर्षाने जाणवते. त्यांत वर्णन विपुल असते, व्यवच्छेद मात्र अल्प. बीजाणूंची लांबी-रुंदी, रंग, भित्तीची जाडी यांची नोंद होते. परंतु निकटच्या कोणत्या जातीहून ही जाती कशाने भिन्न, हे अनुक्तच राहते. मग आश्रय-वनस्पती नवी, एवढ्याच आधारावर नाव दिले जाते.

हा आधार अपुरा आहे. ‘पक्सिनिया कॅरिसीना’ या नावात केरेक्स या लव्हाळ्याचा निर्देश आहे. तथापि याच कवकाची वासंतिक अवस्था अर्टिका किंवा गूजबेरी यांच्या पानांवर वाढते. नाव एका आश्रयाचे, जीवनक्रम दोन आश्रयांचा.

कवकांच्या नव्या नावांसाठी १९३५ पासून लॅटिन वर्णनाची सक्ती होती. २०१२ पासून इंग्रजीही ग्राह्य झाली. भाषेचे बंधन सैल झाले, तरी भेद सांगण्याचे दायित्व सुटत नाही. डीएनएचा अनुक्रम जोडल्यानेही तुलना टळत नाही. भेदावाचून दिलेले नाव पुढे बहुधा पर्यायनाम ठरते, आणि त्याचा निरास करण्याचे श्रम नंतरच्या अभ्यासकांवर पडतात.