कागेरो : एका शब्दाचे भाषांतर

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत दुभाष्याचे काम करताना मी यंत्रांचे जपानी शिकलो. 'कागेरो' हा शब्द मात्र दहाव्या शतकातील 'कागेरो निक्की' या रोजनिशीतून भेटला. तिच्या लेखिकेचे नाव उरलेले नाही. मिचित्सुनाची आई एवढीच तिची ओळख.

कागेरो म्हणजे नदीकाठचा अल्पायुषी पंखी कीटक. उन्हात थरथरणारी हवाही कागेरोच. पहिल्या भागाच्या शेवटी लेखिका आपल्या असून नसल्यासारख्या जगण्याला हीच उपमा देते. १९६४ साली सायडेनस्टिकर यांनी इंग्रजी शीर्षकात हवेत तरंगणारे कोळ्याचे धागे आणले. मराठीत काय करावे? 'मृगजळ' म्हटले तर फसवणूक ठळक होते, 'क्षणभंगुर' म्हटले तर वैराग्य.

मला दोन्ही अपुरे वाटतात. पंख फुटल्यावर हा कीटक काही तास, फार तर काही दिवस जगतो. अन्नही घेत नाही. पण त्याआधी त्याची अळी कित्येक महिने पाण्याखाली वाढत असते. रोजनिशीही ९५४ ते ९७४ अशा वीस वर्षांची आहे : पती फुजिवारा नो कानेइए यांची वाट पाहण्याची, मत्सराची, मुलाला वाढवण्याची. उपमेत क्षण दिसतो, ग्रंथात पाण्याखालचा काळ. म्हणून शब्द 'कागेरो' असाच ठेवावा आणि प्रस्तावनेत नदी सांगावी.

पण कोणती? या कीटकाच्या बहुतेक जातींना स्वच्छ, वाहते पाणी लागते. चाकणहून जवळच, आळंदीला, इंद्रायणीवर फेस तरंगताना दिसतो.