‘पेरेनिअल’ : एका विशेषणाची अर्थमर्यादा

‘पेरेनिअल’ या इंग्रजी विशेषणाचा मराठी पर्याय शोधताना ‘शाश्वत’, ‘चिरंतन’ आणि ‘सनातन’ हे शब्द सहज पुढे येतात. तिन्ही भारदस्त आहेत; परंतु मूळ शब्दातील ऋतुचक्राशी निगडित आशय त्यांपैकी एकातही उतरत नाही. हा भेद केवळ कोशकारापुरता नाही. त्यावर समीक्षेतील एक महत्त्वाचा निर्णय अवलंबून आहे.

लॅटिनमधील ‘पेर’ म्हणजे ‘मधून, आरपार’ आणि ‘आन्नुस’ म्हणजे वर्ष. यांपासून झालेल्या ‘पेरेन्निस’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘वर्षभर टिकणारे’ असा होतो. होरेसने आपल्या काव्याची तुलना ब्राँझशी करताना याच विशेषणाचे तरभाववाचक रूप योजले आहे. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात आला, तो प्रथम सदाहरित वनस्पतींसंबंधी. पुढे वनस्पतिशास्त्राने दोनहून अधिक वर्षे जगणाऱ्या वनस्पतींना तो लावला. अशा अनेक वनस्पतींचा जमिनीवरील भाग दरवर्षी मरतो आणि जमिनीखालील भाग जिवंत राहतो. सह्याद्रीतील कळलावीची वेल पावसाळ्यानंतर वाळते व पुढील वर्षी जमिनीखालील कंदातून पुन्हा फुटते. येथे टिकणे म्हणजे न बदलणे नव्हे, तर लोपानंतर परतणे होय.

‘पर्मनंट’चे तसे नाही. त्याचा धात्वर्थ ‘राहणे’ असा असून त्याचा विरोध ‘तात्पुरत्या’शी आहे. कॉर्नवॉलिसने 1793 साली बंगालमध्ये लागू केलेला कायमधारा याच विशेषणाने ओळखला जातो. तेथील कायमपणा हा राज्यकर्त्याने दिलेला शब्द होता, आणि स्वातंत्र्योत्तर जमीनदारी-निर्मूलनाच्या कायद्यांनी तो संपुष्टात आणला. ‘इटर्नल’ मात्र, काटेकोर तात्त्विक अर्थाने, कालाच्या कक्षेबाहेरचे.

हा भेद भारतीय विचाराला अपरिचित नाही. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात नित्यता दोन प्रकारची मानली आहे : पुरुषाची कूटस्थनित्यता आणि गुणांची परिणामिनित्यता. बदल होत असताही ज्याचे तत्त्व नष्ट होत नाही, तेही नित्यच. ‘इटर्नल’ पहिल्या प्रकाराशी जुळते, तर ‘पेरेनिअल’ दुसऱ्याच्या जवळ जाते.

ऑल्डस हक्सले यांच्या 1945 सालच्या ‘द पेरेनिअल फिलॉसफी’ या ग्रंथाचे मूल्यमापन करताना हे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. ही संज्ञा लाइब्निट्सच्या नावाशी जोडली जाते. परंतु आगोस्तीनो स्तेउको याने ती 1540 मध्येच ग्रंथनामात वापरली होती. हक्सले शंकराचार्य, एकहार्ट, रूमी आदींची वचने विषयवार मांडून त्यांतील एकतत्त्व दाखवितात. त्या तत्त्वज्ञानास ‘शाश्वत’ म्हटले की ते इतिहासाच्या परीक्षेबाहेर जाते आणि समीक्षकाला केवळ मान तुकविणे उरते. ‘पेरेनिअल’चा मूळ अर्थ स्वीकारला तर मात्र परीक्षेला वाव राहतो : निरनिराळ्या भूमींत आलेले हे फुटवे खरोखर एकाच कंदाचे आहेत, की केवळ दिसण्यात सारखे आहेत? संदर्भापासून सुटलेली वचने या प्रश्नाचा निकाल देऊ शकत नाहीत. कारण सुट्या फुलांवरून मुळाची ओळख पटत नाही.

साहित्यकृतीच्या टिकाऊपणासही हीच कसोटी लागू पडते. नदीसाठी मराठीने ‘बारमाही’ हा नेमका शब्द केव्हाच घडविला आहे. समीक्षेत तो रूढ होईल असे नाही. पण ‘शाश्वत’ लिहिण्यापूर्वी त्याचे स्मरण झाले, तर कृती कोणत्या काळात लोपली आणि कशामुळे पुन्हा वाचली जाऊ लागली, हा प्रश्न अभ्यासकाला टाळता येणार नाही.