नाताळ : अवतार की देहधारण?

आज नाताळाविषयी बोलायचं आहे, पण केक, चांदणी आणि सांताक्लॉज बाजूला ठेवून. ख्रिस्ती श्रद्धावंत माणूस त्या रात्रीविषयी नेमकं काय मानतो आणि ते मानणं आपण मराठीत कसं मांडलं, हे तपासायचं आहे. मी स्वतः ख्रिस्ती नाही. तत्त्वज्ञानाचा मास्तर आहे. बाहेरून बोलतोय, हे आधीच सांगून टाकतो.

एक कबुलीही देतो. ख्रिस्ती लोकांचं देहधारण म्हणजे आपला अवतारच, असं मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं. सोपं होतं ना! मुलांना पटकन कळायचं. एकदा सिरोंच्याकडच्या एका विद्यार्थिनीनं उत्तरपत्रिकेत लिहिलं की हे दोन्ही एक नाहीत. अवताराला लागलेली भूक लीला असते, येशूला लागलेली भूक खरी असते. विषय सोडून लिहिलं असं समजून मी दहापैकी चार गुण दिले. चूक माझी होती.

आता कोणी म्हणेल, राम सीतेसाठी रडलाच की. बरोबर आहे. त्या मुलीचं उत्तरही पूर्ण नव्हतं. दुःख कोणाचं खरं, एवढ्यावर हा फरक ठरत नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायातला अवतार पुन्हा पुन्हा होतो, आणि काम संपलं की देव निजधामाला जातो. मानवी देह हा मुक्काम असतो. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की हे एकदाच घडलं आणि ते परत उलटत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच आहेत. देवानं माणूसपण घेतलं ते टाकून दिलं नाही. इ.स. ४५१ मध्ये खाल्सेडोनच्या धर्मपरिषदेनं ‘पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य’ असं सूत्र बांधलं, त्यातला आग्रह हाच होता. म्हणून नाताळ हा नुसता जन्मोत्सव नाही. विश्वासणाऱ्याला त्या रात्री कळतं ते असं, की आपलं हे भुकेलं, आजारी पडणारं, मरणारं शरीर देवाला परकं राहिलेलं नाही.

मराठीनं हे कसं पेललं? पहिलं मोठं नाव फादर थॉमस स्टीफन्स. इंग्लंडचा माणूस, १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचा ओवीबद्ध ग्रंथ १६१६ मध्ये राचोल इथं छापला गेला. आपण त्याला ‘क्रिस्तपुराण’ म्हणतो, पण पोर्तुगीज मथळ्याचा अर्थ होता येशू ख्रिस्ताच्या जगात येण्याविषयीचं निरूपण. ‘येणं’ हा शब्द मथळ्यातच! तीन शतकांनी ना. वा. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हाती घेतलं. ते अपुरं राहिलं आणि लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. टिळकांच्या आयुष्याला वळण मिळालं तेही आपल्याच बाजूला, नागपूर-राजनांदगाव प्रवासात आगगाडीत भेटलेल्या एका परक्या माणसानं दिलेल्या नव्या करारामुळे. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला.

एकानं ‘पुराण’ घेतलं, दुसऱ्यानं ‘अयन’. दोघांनी ख्रिस्ताला मराठी घरात आणलं, हे उपकार फार मोठे. माझी तक्रार पुढची आहे. पुराण म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात आधीच एक पाळणा तयार असतो, रत्नजडित, सुंठवड्यासकट. टिळकांनी तर येशूला आई म्हटलं, वारकऱ्यांच्या माऊलीजवळ नेऊन बसवलं. फार गोड आहे ते. पण त्या गोडव्यात गोठ्याचा वास हरवतो, असं मला पुन्हा वाचताना वाटलं. तो पाळणा नव्हता हो, गव्हाण होती.

गव्हाणीवर जरा थांबतो, कारण हा शब्द मराठी बायबलनं अचूक उचललाय. लूकच्या वृत्तांतात बैल नाही, गाढव नाही, गोठाही नाही. फक्त गव्हाण आहे. बैल आणि गाढव यशयाच्या पहिल्या अध्यायातून नंतर आले. ज्याला आपण ‘धर्मशाळा’ म्हणून वाचत आलो, तो ग्रीक शब्द लूक शेवटच्या भोजनाच्या माडीसाठीही वापरतो; म्हणजे घरातली पाहुण्यांची खोली. ती भरलेली होती, म्हणून बाळ जनावरांच्या जागेत. आपल्याकडे झाडीपट्टीत डिसेंबरात धानाचे पुंजणे लागलेले असतात, कोठ्यात नवं तणस येतं. ते टोचतं, अंगाला खाज सुटते. गडचिरोलीतल्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. आणि बातमी पहिल्यांदा कोणाला कळली? मेंढपाळांना, कारण ते जागलीवर होते. डुकरांपासून धान राखायला ज्यानं थंडीत रात्र काढलीय, त्याला ते मेंढपाळ ओळखीचे वाटतील.

आपल्या दोन जिल्ह्यांत ख्रिस्ती परंपरा एक नाहीच. चांद्याला स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचं मिशन होतं, सिरोंच्याला मेथडिस्ट, तेही तेलुगू मुलखात. बल्लारपूरकडे सिरो-मलबार कॅथलिक. त्यांचं चांदा धर्मप्रांताचं काम १९६२ पासूनचं. केरळी घरांत १ डिसेंबरपासून पंचवीस दिवसांचा उपवास पाळतात, मांस-मासे बंद. बाहेर बाजारात महिनाभर नाताळ चाललेला असतो, आणि ही माणसं अजून वाट पाहत असतात! पौलानं फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात ख्रिस्तानं स्वतःला रितं केल्याची कल्पना आहे. तिचा अर्थ मला कुठल्याही भाष्यापेक्षा या उपवासात जास्त स्पष्ट दिसतो. भरलेल्या पोटी हा सण समजत नाही, असं त्यांना म्हणायचं असावं.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. पश्चिमी चर्चच्या पंचांगात २५ नंतर लगेच २६ डिसेंबरला स्तेफन येतो, दगडांनी मारला गेलेला पहिला हुतात्मा. २८ ला हेरोदानं मारलेली बेथलेहेमची बाळं. मत्तयाच्या कथेत मागी लोकांच्या भेटवस्तू आणि ती कत्तल एकाच अध्यायात आहेत, आणि मधे आईबाप बाळाला घेऊन रातोरात इजिप्तला पळतात. आपल्या कार्डांवर मागी येतात, उंट येतात. पळून जाणारं कुटुंब मी तरी एकाही कार्डावर पाहिलेलं नाही.

ती विद्यार्थिनी आता कुठे असते, ठाऊक नाही. तिला आज सात दिले असते. तीन मात्र रामासाठी कापले असते.