पडद्यावरचा धडा आणि थांबवण्याचा हक्क

फुकट मिळणाऱ्या व्हिडिओ-धड्यांविषयी आपल्याकडे दोनच सुरांत लिहिले जाते. एका सुरात ते खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या दारी आलेली ज्ञानगंगा असतात, दुसऱ्यात शिक्षकाच्या मुळावर उठलेले यंत्र. या धड्यांची समीक्षा मात्र फारशी कोणी करत नाही. पुस्तकाची करतो, नाटकाची करतो, मग वर्गावर्गांत चालणाऱ्या या प्रकाराची का नको? पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यातल्या काही शाळांत मागच्या बाकावर बसून मी हे धडे पाहत आले आहे. त्यावरून माझे एक मत बनले. व्हिडिओ-धड्याचा कस लावायचा तर त्याची चित्रे आणि संगीत क्षणभर बाजूला ठेवून एवढेच विचारावे: हा धडा कोण थांबवू शकतो, कुठे आणि कशासाठी?

हा प्रश्न इंटरनेटपेक्षा जुना आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ नावाच्या प्रयोगात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहामार्फत सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचवले गेले. त्यांत शाळकरी मुलांसाठीचे कार्यक्रमही होते. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. आपल्याकडे १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली आणि दूरदर्शनवर मराठी शैक्षणिक कार्यक्रम दिसू लागले. २०१७ साली ही संस्था बंद करण्यात आली. प्रसारणाचा मोठा गुण असा, की एकच धडा एकाच वेळी सगळीकडे पोहोचतो. त्याचा दोषही तोच. पाचव्या मिनिटाला एखाद्या मुलीला शंका आली, तरी सहावे मिनिट तिच्यासाठी थांबत नाही.

थांबवण्याची कळ हाती आली ती यूट्यूबमुळे. अमेरिकेतले सलमान खान (आपले नट नव्हेत) दूर राहणाऱ्या नात्यातल्या मुलांची गणिताची शिकवणी घेत. २००६ साली त्यांनी ते पाठ यूट्यूबवर ठेवायला सुरुवात केली, आणि २००८ साली त्यातून ‘खान अकॅडमी’ ही ना-नफा संस्था उभी राहिली. ते स्वतः सांगतात, की त्या भावंडांना प्रत्यक्ष शिकवणाऱ्या खानपेक्षा यूट्यूबवरचा खान अधिक आवडला. कारण साधे आहे. पडद्यावरच्या माणसाला थांबवता येते, मागे नेता येते, तेच वाक्य चार वेळा ऐकता येते, आणि ‘अजून कळलं नाही?’ असे विचारणारे समोर कोणी नसते. काळ्या पाटीवर उमटत जाणारी रंगीत रेघ आणि शेजारी बसून बोलल्यासारखा आवाज हे या धड्यांचे रूपही त्याच नात्यातून आले आहे. एकाने एकाला शिकवावे अशी ही रचना आहे.

आता हाच धडा भोसरीच्या किंवा चाकणच्या वर्गातल्या एकुलत्या टीव्हीवर लावा. समोर चाळीस-पन्नास मुले आणि कळ एकच. एकट्या मुलाला मिळालेला थांबवण्याचा हक्क इथे कोणाकडेच उरत नाही. यूट्यूबवरचा धडा वर्गात येताच पुन्हा प्रसारण होतो. त्याची सर्वांत मोठी सोय उंबऱ्याबाहेर राहते आणि आपण ‘डिजिटल शाळा’ अशी पाटी लावून मोकळे होतो.

महाराष्ट्रात हे धडे वर्गात आणण्याचे श्रेय बऱ्याच अंशी पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडला जाते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी ही कल्पना राबवली. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत असे कोड आले, आणि २०२० साली डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाले. केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले. त्यावरचा मजकूर एकदा उतरवून घेतला की नंतर इंटरनेटवाचूनही पाहता येतो. मोबाइलची रेंज येत-जात असलेल्या शाळेला ही सोय लाखमोलाची आहे. कोडमुळे धडा मुलांपर्यंत पोहोचला यात शंका नाही. पोहोचल्यावर पुढे काय होते, हे वर्गातच पाहावे लागते.

सहावीच्या सामान्य विज्ञानातला ‘साधी यंत्रे’ हा पाठ घ्या. यंत्रांवर पोट असलेल्या या पट्ट्यात याहून जवळचा विषय नाही. मी पाहिलेल्या एका वर्गात बीड, लातूर, बुलढाण्याकडून आलेल्या कुटुंबांची मुले होती, तशीच बिहार आणि उत्तर प्रदेशातलीही. पडद्यावरचा आवाज सांगत होता: तरफ, कप्पी, उतरण. मुलांच्या घरात या तिन्ही वस्तू वेगळ्या नावांनी राहतात: पहार, चेनपुली, ट्रकला लावलेली फळी. तरफ म्हणजे पहार हे बाईंनी सांगेपर्यंत अर्धी मुले शब्दाशीच अडली होती. पुढे आवाज म्हणाला, “उतरणीमुळे काम सोपे होते.” तेव्हा मागून एका मुलाने विचारले, “बाई, फळी लांब घेतली तर जास्त चालावं लागतं. मग काम कमी कसं?”

एवढा मोलाचा प्रश्न त्या व्हिडिओत कुठेच नव्हता. उतरणीने बल कमी लागते, पण अंतर वाढते. घर्षण बाजूला ठेवले तर करावे लागणारे कार्य तेवढेच राहते. त्या वाक्यात नेमकी इथेच गफलत होती. मराठीत ‘काम’ म्हणजे कष्ट, आणि विज्ञानात ‘कार्य’ म्हणजे बल आणि त्या बलाच्या दिशेने झालेले विस्थापन यांचा गुणाकार. ‘सोपे’ म्हणताना निवेदकाने दोन्ही अर्थ एकाच पोत्यात घातले. माल चढवणाऱ्याच्या मुलाला ते पोते जड लागले, कारण फळीवरची चाल त्याने पाहिलेली होती. बाईंनी व्हिडिओ थांबवला, फळ्यावर आखूड आणि लांब अशा दोन फळ्या काढल्या, आणि पुढची वीस मिनिटे खरा तास झाला. व्हिडिओ त्या दिवशी पुरा झाला नाही. माझ्या मते तो त्याच दिवशी सर्वांत उपयोगी पडला.

‘टेड-एड’, ‘एडपझल’ अशी मोफत साधने इथे कामाला येऊ शकतात. २०१२ साली सुरू झालेल्या टेड-एडवर यूट्यूबवरचा कोणताही व्हिडिओ घेऊन त्याला आपले प्रश्न आणि चर्चेचे मुद्दे जोडता येतात. एडपझलमध्ये व्हिडिओ कापता येतो, आपला आवाज घालता येतो आणि मध्येच प्रश्न पेरता येतो. त्या जागी व्हिडिओ आपसूक थांबतो. मोफत खात्यात मोजकेच पाठ साठवता येतात आणि सूचना इंग्रजीत असतात, पण प्रश्न मराठीत लिहिता येतात. थांबण्याची गरज या साधनांनी ओळखली, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

माझा आक्षेप वेगळा आहे. थांबा कुठे यावा हे इथे आधीच ठरलेले असते, आणि तो ठरवणारा बहुधा उत्तर तपासायला सोपे पडेल असा प्रश्न निवडतो. यंत्राला चार पर्यायांतले एक बरोबर उत्तर तपासता येते. म्हणून ‘उतरण हे कोणत्या प्रकारचे यंत्र आहे?’ असा प्रश्न पेरला जातो. ‘मग काम कमी कसं?’ हा प्रश्न चार पर्यायांत बसत नाही. मुलाने लक्ष दिले की नाही, एवढेच अशा थांब्यातून कळते. ते कुठे अडले, हे कळत नाही.

याच साधनाचा उलटा उपयोग करता येईल. यंदा वर्गात आलेल्या शंका शिक्षकाने वहीत टिपून ठेवाव्यात, आणि पुढच्या वर्षी त्याच व्हिडिओत नेमक्या त्या जागी पेराव्यात. गेल्या वर्षीच्या मुलाची शंका यंदाच्या मुलांचा थांबा होईल. दोन-तीन वर्षांत त्या शाळेचा, त्या वस्तीच्या भाषेतला धडा तयार होईल, आणि तो कोणत्याही कंपनीला बसल्या जागी बनवता येणार नाही.

व्हिडिओ घरी पाहून यावा आणि वर्गात फक्त चर्चा करावी, असाही एक मार्ग सुचवला जातो. औद्योगिक पट्ट्यात तो शिफ्टला अडखळतो. घरात स्मार्टफोन एकच, तो वडिलांबरोबर सेकंड शिफ्टला जातो आणि रात्री उशिरा परततो. इथल्या अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. त्या दिवशी फोन घरी असतो, पण मूल शाळेत. असा गृहपाठ दिला की न पाहून आलेल्या मुलाच्या माथी आळसाचा शिक्का बसतो, आणि तो खरे तर घड्याळाचा दोष असतो.

मग चांगला व्हिडिओ-धडा कसा असतो? त्याचा नमुना याच पट्ट्याशी नाते सांगतो. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरहून १९७५ साली अभियंता होऊन पुण्याच्या टेल्कोत आले. १९७८ साली वर्षभराची रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून त्यांनी आकृत्यांचा खेळ रचला. चार काड्यांचा चौकोन दाबला की कलतो, तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही. पूल आणि छप्परे त्रिकोणांनी का बांधतात, हे मुलाच्या बोटांना कळते. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अशा खेळण्यांच्या असंख्य छोट्या फिती तयार केल्या. त्या मराठीसह अनेक भाषांत विनामूल्य उपलब्ध आहेत. २०१८ साली गुप्ता यांना पद्मश्री मिळाली.

या फितींत प्रामुख्याने दिसतात ते हात, म्हणून भाषेवर भार कमी पडतो. बिहारमधून कालच आलेल्या मुलीलाही काडी कुठे खोचायची ते दिसते. फीत इतकी आखूड असते, की ती संपल्यावर तासाचा बहुतेक वेळ शिल्लक राहतो. सामान सायकलच्या दुकानात मिळते. त्यांतही उणीव आहे. ‘का’चे उत्तर अनेकदा एका वाक्यात उरकले जाते, आणि शिक्षकाची तयारी नसेल तर खेळणे बनते पण विज्ञान राहून जाते. तरी ही फीत वर्गाकडून स्वस्थ बसण्याची अपेक्षा करत नाही. ती संपते तिथे काम सुरू होते.

एका शिक्षकाने दोन इयत्ता सांभाळायच्या असतील, तर एका इयत्तेला पडद्यासमोर बसवणे ही त्याची गरज असते. मी त्याला दोष देणार नाही. पण तेवढ्या वेळापुरता रिमोट त्या इयत्तेतल्याच एका मुलाकडे द्यावा. कोणी हात वर केला की त्याने थांबवायचे, आपसांत बोलायचे, सुटले नाही तर पाटीवर लिहून ठेवायचे. मुले मुलांना शिकवू शकतात, हे चाकणच्याच खेड तालुक्यात सिद्ध झाले आहे. जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेत मुलेच एकमेकांचे ‘विषयमित्र’ होतात. ही शाळा २०२५ साली टी४ एज्युकेशनच्या जागतिक शाळा-पुरस्कारांत आपल्या गटातल्या पहिल्या दहांत पोहोचली.

या पट्ट्यातली बरीच मुले उद्या याच कारखान्यांत उभी राहतील. मशीन बिघडते आहे असे दिसताच ते थांबवण्याचे धैर्य आणि ‘हे असे का?’ विचारण्याची सवय कामगाराकडे असावी, असे कारखानेही म्हणतात. ती सवय सहावीच्या वर्गात लागते. फुकट मिळालेल्या व्हिडिओपुढे तास न् तास गप्प बसवून ती मोडणे फार महाग पडेल.