वेंचणीचा डाव

'मॅजिक : द गॅदरिंग' ह्या अमेरिकन पत्त्यांच्या खेळाच्या नियमांत नोव्हेंबर २०२४ मध्यें, 'फाउंडेशन्स' नांवाचा नवा संच बाजारांत आला त्या वेळीं, एक लहानसा फेरफार करण्यांत आला. वरवर पाहणारास तो निव्वळ कारकुनी स्वरूपाचा वाटेल. परंतु नियमांची भाषा ही कायद्याच्या भाषेसारखीच असते. तींतून एक कलम गळालें कीं कोणाचा तरी हक्क जातो आणि कोणाच्या तरी पदरांत तो पडतो. ह्या फेरफारानें कोणाचा हक्क गेला, आणि त्याच सुमारास ह्या खेळाच्या पाकिटांत जे बदल झाले त्यांनीं खेळाचें काय केलें, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. पत्ते हा टीकेचा विषय होऊं शकतो काय, अशी शंका कोणी काढील तर आमचें उत्तर एवढेंच कीं, बुद्धिबळावर जर ग्रंथ लिहिले जातात तर पत्त्यांनींच काय अपराध केला आहे?

ज्यांस हा खेळ ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं थोडें प्रास्ताविक अवश्य आहे. रिचर्ड गार्फील्ड नांवाच्या गणितज्ञानें तो रचला आणि १९९३ सालीं तो प्रसिद्ध झाला. गार्फील्ड हा त्या सुमारास एका कॉलेजांत गणिताचा अध्यापक होता, ह्या गोष्टीचा आम्हां शिक्षकवर्गास किंचित् अभिमान वाटला तर वाचकांनीं तो क्षम्य मानावा. आपला बावन्न पानांचा जोड विकत घेतला म्हणजे तो पूर्ण असतो. तुमच्या जोडांत जें आहे तेंच माझ्या जोडांत असतें. ह्या खेळाचें तसें नाहीं. त्याचीं पानें हजारों प्रकारचीं असून तीं बंद पाकिटांतून विकलीं जातात. आंत काय निघेल हें घेणारास ठाऊक नसतें. कांहीं पानें सर्रास मिळतात, कांहीं क्वचित्, आणि कांहीं इतकीं विरळा कीं त्यांच्यासाठीं लोक हजारों रुपये मोजतात. प्रत्येक खेळाडूनें आपल्या संग्रहांतून निदान साठ पानांचा जोड स्वतः रचावयाचा आणि वीस प्राण घेऊन समोरच्याशीं द्वंद्व मांडावयाचें, असा मुळांतला प्रकार आहे. प्रत्येक पानावर त्याचा त्याचा नियम छापलेला असतो, आणि सामान्य नियम व पानावरचा नियम ह्यांत विरोध आला तर पानावरचा खरा. अपवादच जेथें राज्य करतो असा दुसरा खेळ आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां तो फेरफार. समजा, तुमचा पांच बळाचा प्राणी चालून गेला आणि मीं माझे दोन प्राणी, प्रत्येकीं तीन घाव सोसणारे, आडवे घातले. पूर्वीं तुम्हांला आधींच सांगावें लागे कीं, पहिला घाव कोणावर आणि दुसरा कोणावर. आणि पहिला पुरता मरेल इतके घाव त्याच्या वांट्यास दिल्याशिवाय दुसऱ्यास हात लावतां येत नसे. तुम्हीं क्रम जाहीर केला कीं मी एखादा मंत्र टाकून पहिल्याची सोशिकता तीनची सहा करीत असें. मग तुमचे पांचही घाव त्याच्यावर वायां जात आणि माझे दोन्ही प्राणी वांचत. नव्या नियमानें क्रम जाहीर करण्याचें हें बंधनच गेलें. मीं पहिल्यास वांचविलें तर तुम्ही शांतपणें घाव दुसऱ्याकडे वळवितां आणि तो मरतो. नवशिक्यास नियम सोपा व्हावा हा ह्या बदलाचा उद्देश, आणि तो सफल झाला आहे हें कबूल केलें पाहिजे. २००९ सालच्या जुलैंतही असेंच झालें होतें. न वापरलेलें मंत्रबळ अंगावर उलटून प्राण घटण्याचा जो जुना नियम होता तो तेव्हां काढून टाकण्यांत आला, आणि त्याच्यासाठीं आज कोणी फारसें रडत नाहीं. पण ह्या वेळीं गेलें तें ओझें नव्हे. चालून जाणारानें आपला बेत बोलून दाखवावा आणि बचाव करणारानें तो ऐकून उत्तर द्यावें, ह्यांत संवाद होता. तो संवाद कापून सोपेपणा विकत घेतला आहे, आणि त्याची किंमत दुबळ्या बाजूनें, म्हणजे बचाव करणारानें, भरली आहे.

तथापि खरा वादाचा विषय हा नव्हे. ह्या खेळावरचा जुना आक्षेप असा कीं, ज्याची थैली मोठी त्याचा जोड मोठा. आमच्या हिंगोलीसारख्या गांवीं त्याचे अस्सल पत्ते क्वचित् दृष्टीस पडतात. पुण्यास शिकावयास गेलेलीं मुलें सुटींत येतात तीं मोबाईलवर 'मॅजिक अरीना' खेळतांना दिसतात, इतकेंच. पण शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानांत 'पोकेमॉन'चीं सोनेरी पाकिटें, बहुधा नकलीच, दोरीला लटकत असतात, आणि त्या पानांनीं खेळावयाचा एक खेळ आहे ह्याची तीं घेणाऱ्या मुलांस वार्ताही नसते. १९९० नंतरच्या दशकांत कुस्तीगिरांचीं 'ट्रम्प' पानें मुलांच्या खिशांत असत. त्यांत निदान उंची, वजन, दंडाचा घेर ह्यांची तुलना करून पान जिंकावें तरी लागे. आतां पान मिळविणें हाच खेळ झाला आहे.

ह्या दुखण्यावर 'मॅजिक'च्या परंपरेंतच एक औषध आहे. त्यास इंग्रजींत 'ड्राफ्ट' म्हणतात. आपण त्याला वेंचणी म्हणूं. बहुधा आठ खेळाडू वर्तुळांत बसतात. प्रत्येकापुढें तीन बंद पाकिटें. पहिलें फोडून प्रत्येकानें त्यांतलें एक पान घ्यावयाचें, आणि उरलेला गठ्ठा डावीकडच्या शेजाऱ्यास द्यावयाचा. उजवीकडून आलेल्या गठ्ठ्यांतून पुन्हां एक घ्यावयाचें. असें तो संपेपर्यंत. दुसऱ्या पाकिटास गठ्ठे उजवीकडे फिरतात, तिसऱ्यास पुन्हां डावीकडे. वेंचलेल्या पानांतून आणि हवीं तितकीं साधीं भूमीचीं पानें घालून चाळीसांचा जोड करावयाचा आणि खेळावयास बसावयाचें. घरीं पेटीभर विरळा पानें असलीं तरी येथें त्यांचा उपयोग शून्य. श्रीमंत आणि गरीब ह्यांनीं सारख्याच अज्ञानानें सुरुवात करावयाची.

ह्या पद्धतीचें मर्म पान घेण्यांत नाहीं, पुढें देण्यांत आहे. प्रत्येक वेळीं आपण नाकारलेलें सर्व शेजाऱ्याच्या हातांत जातें आणि तो त्यावरून आपलें मन वाचतो. पंगतीच्या टोकाला बसलेला मनुष्य वाढप्याच्या भांड्यांत काय उरलें आहे एवढ्यावरून अलीकडच्यांची आवड ओळखतो, तसेंच हें आहे. सहाव्या हातालाही तांबड्या रंगाचें बळकट पान येऊन पोंचलें तर समजावें कीं वरच्या पांचांना तांबडा नको आहे. तेथून आपला सगळा बेत बदलावयाचा कीं आधीं वेंचलेल्याच्या मोहास चिकटून राहावयाचें, ही परीक्षा प्रत्येक गठ्ठ्याबरोबर होते. स्पर्धा असूनही प्रतिस्पर्ध्याशीं अबोल करार करावा लागतो असे खेळ थोडे.

आपल्याकडे ह्याच्या अगदीं जवळचें काय आहे असें विचाराल तर आम्ही मेंढीकोटाचें नांव घेणार नाहीं, पांच-तीन-दोनचें घेऊं. मराठवाड्यांत दुपारच्या वेळीं तिघेच जमले कीं हाच डाव बसतो. अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतचीं अठ्ठावीस आणि दोन सत्त्या मिळून तीस पानें, प्रत्येकास दहा. पहिलीं पांच पाहून एकानें हुकूम बोलावयाचा आणि पांच हात करावयाचे. दुसऱ्यानें तीन, तिसऱ्यानें दोन. ज्याचे हात कमी पडले तो ऋणको झाला. पुढच्या डावांत धनको त्याच्या हातांतून न पाहतां तितकीं पानें ओढतो आणि आपलीं नकोशीं त्याला देतो. एक्का गेला कीं सत्ती गेली हें नशीब. पण बदल्यांत काय द्यावें हें डोकें. ओढण्याचे तपशील गांवागणिक बदलतात आणि म्हणूनच डावापूर्वीं बोली करून घ्यावी लागते. ही बोली फार महत्त्वाची आहे. येथें नियमांचे मालक खेळणारे आहेत. त्यांत फेरफार करावयाचा तर तिघांचें एकमत पुरतें. 'मॅजिक'मध्यें तो अधिकार 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' कंपनीकडे, आणि ती १९९९ मध्यें 'हॅस्ब्रो'नें घेतल्यापासून अंतीं भागधारकांकडे आहे.

नियम वरून येणें ही गोष्ट मात्र आधुनिक नव्हे. बाबरानें १५२७ च्या सुमारास सिंधच्या शहा हुसेनास गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. आणि 'आईन-इ-अकबरी'त अबुल फजल बारा रंगांचा, म्हणजे एकशें चव्वेचाळीस पानांचा गंजिफा वर्णून वर सांगतो कीं, बादशहानें पत्त्यांत स्वतः सुधारणा केल्या. अश्वपति, गजपति, नरपति, गढपति अशा रंगांच्या त्या जोडाला आजच्या भाषेंत संचाचा विस्तारच म्हटलें पाहिजे. पुढें आपल्याकडे रुळला तो दशावतारी गंजिफा : दहा रंग, प्रत्येकांत राजा, प्रधान आणि एकपासून दहापर्यंत पानें, मिळून एकशेंवीस, तिघांना चाळीस-चाळीस. अर्ध्या रंगांत दहाचें पान वरचढ, उरलेल्या अर्ध्यांत एकाचें. म्हणजे चढता क्रम आणि उतरता क्रम एकाच हातांत संभाळावयाचा. दिवसा उतारी रामाच्या रंगानें, रात्रीं कृष्णाच्या. हुकूम म्हणजे त्या त्या रंगांतलें अजून न पडलेलें सर्वांत मोठें पान. सबब एकशेंवीस पानांपैकीं कोणतीं गेलीं हें ज्याच्या ध्यानांत राहील त्याचाच डाव. विरळा पान असा प्रकारच त्यांत नाहीं. दुर्मिळ होती ती स्मरणशक्ति.

त्या गंजिफाचें पुढें काय झालें तें सावंतवाडीस पाहावें. पुंडलिक चितारी ह्यांच्याकडून कला शिकून शिवरामराजे व सत्वशीलादेवी भोसले ह्यांनीं ती बुडतांबुडतां वांचविली, आणि सत्वशीलादेवींनीं २०१८ मध्यें देह ठेवीपर्यंत तिची जोपासना केली. आजही राजवाड्यांत कारागीर त्या वर्तुळाकार पानांवर कुंचल्यानें अवतार रंगवितात. हें कार्य थोर आहे, त्याविषयीं दुमत नाहीं. परंतु तीं सुरेख पेटी घेणारांपैकीं डाव मांडणारे किती? लोक ती दिवाणखान्यांत ठेवतात. पानें वांचलीं आणि खेळ पडद्याआड गेला. दिवसा रामाची उतारी कां, हें घरांत कोणास सांगतां येत नाहीं. संग्रहाच्या प्रेमानेंही खेळ मरूं शकतो ह्याचें एवढें लखलखीत उदाहरण दुसरें नाहीं, आणि तें डोळ्यांपुढें ठेवूनच पुढील बदलाकडे पाहिलें पाहिजे.

वेंचणीसाठीं म्हणून जें पाकीट असे त्यांत पंधरा पानें असत : दहा सर्रास, तीन मध्यम, एक विरळा आणि एक भूमीचें. २०२० च्या सप्टेंबरांत कंपनीनें नुसतीं पाकिटें फोडण्याची हौस असणारांसाठीं निराळें, अधिक भडक पाकीट काढलें. तें इतकें खपूं लागलें कीं दुकानदार वेंचणीचें पाकीट ठेवीनासे झाले. तेव्हां ऑक्टोबर २०२३ मध्यें जाहीर करून फेब्रुवारी २०२४ पासून दोन्ही एक करण्यांत आलीं. नव्या पाकिटांत चौदा पानें. सर्रास पानें सहा-सात. विरळा एकापासून नशीब जोरावर असल्यास चारपर्यंत. कंपनीचें म्हणणें असें कीं हें न करतां वेंचणीच नामशेष झाली असती. हें म्हणणें आम्हांस खोटें वाटत नाहीं. दुकानांत पाकीटच नसेल तर वर्तुळ बसणार कोठें? पण औषधाबरोबर पथ्यही बिघडलें. वेंचणीचें व्याकरण सर्रास पानांत असतें. तीं दहा होतीं तोंवर शेजाऱ्याचा बेत त्यांवरून वाचतां येई. तीं घटलीं आणि विरळा वाढलीं म्हणजे वाचण्यासारखें कमी, आणि थक्क होण्यासारखें अधिक. एकाच्या पाकिटांत एक आणि शेजाऱ्याच्या पाकिटांत तीन विरळा पानें निघालीं तर समतेचें तें व्रत पहिल्याच क्षणीं मोडतें. शिवाय ही समता भाड्याची आहे : दर डावास प्रत्येकीं तीन कोरीं पाकिटें फोडावीं लागतात, आणि तीं स्वस्त नाहींत. पांच-तीन-दोनला फाटका जोड पुरतो.

सप्टेंबर २०२५ मध्यें 'स्पायडर-मॅन'च्या संचाबरोबर आणखी एक प्रकार आला. आठांऐवजीं चौघांनीं बसावें आणि दर वेळीं एकाऐवजीं दोन पानें घ्यावीं. आठ माणसें जमविणें कोठेंही दुर्घट, आमच्या गांवीं तर अशक्य. चौघांची सोय केली हें व्यवहारास धरून आहे. पण एका पानाच्या मोहापायीं दुसरें सोडावें लागणें हाच वेंचणीचा गाभा होता. दोन घेतां येऊं लागलीं कीं पहिल्याच गठ्ठ्यांतलीं दोन्ही उत्तम पानें आपल्या पदरांत पडतात, आणि शेजाऱ्याला आपलें मन कळावें असें त्यांत कांहीं उरत नाहीं. ह्यापेक्षां चौघांनींच जुन्या रीतीनें एकेक पान घेऊन गठ्ठा फिरवीत राहावें. गठ्ठा चारदां सरकला कीं आपलाच आपल्याकडे परत येतो, आणि मधल्या तिघांनीं काय उचललें हें त्यांत लिहिलेलें असतें. कंपनीनें असा नियम छापलेला नसला तरी अडत नाहीं. चौघांनीं बसण्यापूर्वीं तेवढी बोली करून घ्यावी.